ट्रॅपडोअर कोळी रानातून आणून पाळायचा आहे – बीळ ओळखण्यापासून डब्यापर्यंत नेमकी माहिती हवी

आठपायी_नवा

नमस्कार मंडळी. बिळात राहणारा एखादा कोळी पाळायचा विचार आहे. विकतचा नको, रानातला हवा. पहिली पसंती ट्रॅपडोअरला, म्हणजे बिळाच्या तोंडाला मातीचं झाकण करून आत दबा धरून बसणाऱ्याला. तो झेपण्यासारखा नसेल तर बिळातला वुल्फ स्पायडरही चालेल.

शोधाशोध केली की सगळीकडे तीच दोन वाक्यं सापडतात: 'अलगद बाहेर काढा' आणि 'भरपूर माती द्या'. अलगद म्हणजे कसं आणि भरपूर म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. झाकण आजूबाजूच्या मातीसारखंच असतं, मग ते दिसतं कसं? उघडं भोक असेल तर ते कोळ्याचं की दुसऱ्या कशाचं, हे खणण्याआधी कळतं का? काही जण बिळात पाणी ओता म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि घरी आणल्यावर तो पुन्हा बीळ करेलच याची काय खात्री? जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावं ही विनंती.

मातीखालचा

शोधण्याबद्दल मी लिहितो, बाकीचं इतर मंडळी सांगतीलच.

ट्रॅपडोअरला घट्ट बसलेली, थोडी चिकण आणि पाणी न साचणारी माती लागते. त्यामुळे सपाट मोकळ्या जमिनीपेक्षा उताराची कड आधी बघा: पायवाटेच्या बाजूचा कापलेला बांध, ओढ्याच्या काठाची पुराच्या पातळीच्या वरची दरड, मोठ्या झाडाच्या मुळांमधली माती. शेवाळ धरलेली दरड सगळ्यात चांगली. शेवाळ आहे म्हणजे तिथे ओल टिकते आणि माती वर्षानुवर्षं हललेली नाही. नुकतीच ढासळलेली किंवा भुसभुशीत दरड असेल तर वेळ घालवू नका.

झाकण वरून सरळ पाहिलं तर दिसत नाही. विजेरी दरडीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाका. झाकणाच्या कडेला केसाएवढी फट असते, तिची सावली पडते आणि अर्धगोल रेघ उमटते. गोलाचा उरलेला भाग बिजागरीचा. तिथे रेघ नसते. उतारावर बिजागरी बहुधा वरच्या बाजूला असते, म्हणजे झाकण आपल्या वजनाने मिटतं. मोठ्या मादीचं झाकण दीड ते तीन सेंटीमीटर, पिल्लांची तीन ते पाच मिलिमीटर. एक मोठं झाकण दिसलं की त्याच्या भोवतीचा हातभर भाग बारकाईने बघा, कारण बहुतेक जातींची पिल्लं आईच्या बिळापासून फार लांब जात नाहीत. एका दरडीत डझनावारी झाकणं आणि शेजारच्या तशाच दरडीत एकही नाही, असं सर्रास दिसतं.

झाकणं दोन तऱ्हेची. एक जाड, बाटलीच्या बुचासारखं तोंडात रुतून बसणारं. दुसरं पातळ, नुसतं वर टेकलेलं. ते रेशीम, माती आणि पानांच्या तुकड्यांचं असतं. पातळ झाकण शोधायला जास्त अवघड, कारण त्यावर कचरा चिकटवलेला असतो.

आत कोणी आहे का, हे पाहायला टाचणीचं टोक फटीत घालून झाकण अगदी हलकं उचला. आतून ओढ लागली तर घरमालक हजर आहे. लगेच सोडून द्या. ओढाओढी केली तर बिजागरी फाटते, आणि कोळ्याला ती पहिल्यापासून विणावी लागते. झाकण सहज उघडलं आणि आतल्या अस्तरावर धूळ, मुंग्या किंवा दुसऱ्याच कोळ्याचं विस्कटलेलं जाळं दिसलं तर बीळ ओस पडलेलं समजा.

अंधार पडल्यावर तास-दीड तासाने गेलात तर काम सोपं होतं. झाकण जरासं उचललेलं असतं आणि फटीतून पुढच्या पायांची टोकं बाहेर टेकलेली असतात. लाल उजेड वापरा, पाय जपून टाका. पावलाचा हादरा बसला की झाकण मिटलंच.

उघड्या भोकांची ओळख रेशमावरून करायची. वुल्फ स्पायडरचं बीळ गोल, तोंडाशी पांढुरकं अस्तर, आणि पुष्कळदा गवताच्या काड्या विणून केलेली छोटी कठड्यासारखी कड. टॅरँट्युलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, भोक मोठं असतं आणि दिवसा त्यावर रेशमाचा झिरझिरीत पडदा ओढलेला दिसतो. उंदराच्या बिळाला रेशीम नसतं आणि तोंडाशी वापराची वाट पडलेली असते. खेकड्याच्या बिळाबाहेर चिखलाचे गोळे असतात. जमिनीतून सिकाडा (झाडावर किर्र ओरडणारा कीटक) निघून गेल्यावर राहिलेलं भोक गुळगुळीत गोल असतं आणि नवख्यांना हमखास फसवतं, पण त्यालाही अस्तर नसतं.

वुल्फ स्पायडर रात्री शोधायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विजेरी डोळ्यांच्या रेषेत, कपाळावर किंवा गालाशी धरणं. त्यांच्या डोळ्यांत मागे परावर्तक थर असतो, त्यामुळे हिरवट-पांढरे ठिपके लांबूनच चमकतात. विजेरी कमरेशी धरलीत तर काहीच दिसणार नाही. ट्रॅपडोअर मात्र असा चमकत नाही.

खुरपं_आणि_काडी

वरच्यांनी छान लिहिलंय. आता काढण्याचं.

पाणी ओतू नका. बिळाला रेशमाचं अस्तर असतं, ते पावसातही तग धरतं, आणि पाणी आलं की कोळी वर यायच्या ऐवजी तळाशी जाऊन बसतो. तुम्ही ओतत राहता, भिंती विरघळतात, बीळ बसतं आणि कोळी चिखलात गाडला जातो. वर आलाच तरी अर्धमेला येतो.

वुल्फ स्पायडर आणि टॅरँट्युलासाठी काडी. वाळलेल्या गवताची, मऊ टोकाची, साधारण वीतभर लांब. टोक दोन-तीन सेंटीमीटर आत घालून किड्याच्या पायांसारखी थरथर करायची, मग थांबायचं, मग पुन्हा. कोळ्याने टोक धरलं की झटका देऊन ओढायचं नाही, त्यात विषदंत दुखावतात. थोडं थोडं मागे घेत त्याला तोंडापर्यंत आणायचं. संपूर्ण अंग बाहेर आलं की त्याच्यामागे खुरप्याचं पातं आडवं मातीत रोवायचं आणि परतीची वाट बंद करायची. पातं घाईत घातलंत तर मागचे पाय कापले जातात. इथेच सगळे चुकतात. डोकं आणि पुढचे चार पाय दिसले म्हणजे तो बाहेर आला, असं होत नाही. पोटाचं टोक बाहेर दिसलं पाहिजे. बाहेर आल्यावर समोर पारदर्शक डबी आडवी धरा आणि मागून मऊ ब्रशने ढकला. आठ-दहा मिनिटांत प्रतिसाद नसेल तर ते बीळ सोडा.

ट्रॅपडोअर काडीला सहसा भीक घालत नाही. तो झाकणाला धरून बसतो किंवा तळाशी जातो. त्याला ठोकळ्यासकट काढायचं, आणि म्हणूनच लहान कोळी निवडायचा. पाच ते आठ मिलिमीटर झाकणाच्या कोळ्याचं बीळ बहुधा पाच-सहा सेंटीमीटर खोल असतं. दोन्ही बाजूंनी उघडा, आठ सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा झाकण मध्यभागी येईल असा ठेवा आणि फिरवत फिरवत आत दाबा. बारा सेंटीमीटर आत गेला की बाजूची माती मोकळी करून खालून पातं सारा आणि सगळा दंडगोल उचला. झाकण, बिजागरी, अस्तर, कोळी, सगळं जागच्या जागी. हाच ठोकळा घरच्या डब्यात बसवला की नवं बीळ करण्याचा प्रश्नच उरत नाही.

हे फक्त ओलसर मातीत जमतं. कोरड्या मातीला तडे जातात आणि ठोकळा हातात फुटतो. चिंब मातीत तो घसरतो. चांगला पाऊस होऊन एक-दोन दिवस गेले की वेळ साधा.

मोठं बीळ खणायचंच असेल तर सरळ वरून खणू नका. आधी बिळात मऊ, वाकणारी नळी किंवा जाड गवताचं देठ जाईल तेवढं सारा. माती ढासळली तरी वाट हरवत नाही. मग दहा-पंधरा सेंटीमीटर बाजूला खड्डा घ्या, बिळापेक्षा खोल, आणि तिथून चमच्याने आडवी माती काढत बिळाच्या भिंतीपर्यंत या. शेवटचे दोन सेंटीमीटर बोटांनी, जाड हातमोजे घालून. बिळं एकट्या कोळ्यांची नसतात. विंचू, गोम आणि सापही तिथेच असतात. काम झालं की खड्डा भरून, माती चोपून आणि वरचं शेवाळ जागेवर ठेवूनच निघायचं. उघडी दरड पुढच्या पावसात वाहून जाते आणि शेजारची बिळंही घेऊन जाते.

संथ_निरीक्षक

थोडा विरोधी सूर लावतो.

मोठी मादी काढण्याची पद्धत सांगितली, पण ती काढू नये हे ठळकपणे सांगायला हवं होतं. ट्रॅपडोअर मादी बहुतेक एकाच बिळात जन्म काढते. वाढेल तसं तेच बीळ रुंद करते. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून ज्या बिळांवर खुणा करून नोंदी ठेवल्या, त्यांतली '१६ क्रमांकाची' मादी (गायस विलोसस ही ट्रॅपडोअरची जात) २०१६ पर्यंत, ४३ वर्षं, त्याच बिळात होती. तीही म्हातारपणाने गेली नाही. परजीवी गांधीलमाशीने झाकण भोसकलेलं सापडलं. अशी मादी उपटून डब्यात ठेवली तर पुष्कळदा ती पुन्हा बीळ करतच नाही, मातीवर उघडी बसून वाळते. शिवाय त्या दरडीतली पिल्लं तिचीच. ती गेली की वस्ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

नरही घेऊ नका. वयात आलेला नर बीळ सोडून भटकतो, म्हणून तोच सहज हाती लागतो. तोंडाजवळचे दोन आखूड पाय टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे फुगलेले असतील तर तो नर. त्याचं आयुष्य काही आठवडे किंवा फार तर काही महिने उरलेलं असतं, आणि त्याला बीळ करण्यात रस नसतो.

झाकण रेशमाने आतून बंद असेल तर आत कात, अंडी किंवा कोरड्या दिवसांची विश्रांती, यांपैकी काहीतरी चालू आहे. तिथे हात लावायचा नाही. वुल्फ स्पायडर मादीच्या पोटाच्या टोकाला गोल पिशवी चिकटलेली असेल किंवा पाठीवर पिल्लं असतील तर तिलाही सोडा.

एका वस्तीतून एकच कोळी घ्या, तोही पिल्लू, आणि दहाच्या आत झाकणं असतील तर एकही नको. संरक्षित जंगलातून काहीही उचलायचं नाही. बाहेरही आपल्या भागातला वन्यजीव कायदा आणि जमिनीच्या मालकाची परवानगी आधी बघायची. पोएसिलोथेरिया हे झाडावरचे टॅरँट्युला तर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस यादीत, परिशिष्ट २ मध्ये आहेत. ते बिळातले नसले तरी 'कोळ्यांना कोण विचारतंय' हा समज काढून टाकायला एवढं पुरे.

आणि ऑस्ट्रेलियातले वाचक असतील तर हा धागा त्यांच्यासाठी नाही. तिथल्या फनेल-वेब कोळ्यांची बिळं वरवर अशीच वाटतात आणि सिडनी फनेल-वेब नराचा दंश जीवघेणा ठरू शकतो. प्रतिविष १९८१ मध्ये आलं हे खरं, पण त्याच्या भरवशावर कोणी खणायला जाऊ नये. इतरत्रही जात ओळखता येत नसेल तर उघड्या हाताने धरायचं नाही.

खुरपं_आणि_काडी

@संथ_निरीक्षक, मान्य. मोठ्या बिळाचा परिच्छेद टॅरँट्युलासाठी समजावा. ट्रॅपडोअरसाठी ठोकळाच, आणि लहानच.

आठपायी_नवा

सगळ्यांचे आभार. म्हणजे सहा-सात मिलिमीटर झाकणाचं पिल्लू, ठोकळ्यासकट. आता डबा आणि मातीचं मोजमाप सांगा. ठोकळा वाटेत फुटला तर काय करायचं तेही सांगा.

ओली_माती

रुंदी विसरा, खोलीकडे बघा. पसरट मत्स्यपेटीत चार बोटं माती आणि वर शोभेची ओंडकी, हा बिळातल्या कोळ्याचा छळ आहे. पिल्लासाठी दहा सेंटीमीटर रुंद आणि पंचवीस सेंटीमीटर उंच काचेची किंवा जाड प्लास्टिकची बरणी घ्या. माती अठरा सेंटीमीटर. हिशेबाने ती दाबलेली दीड लिटरच्या जरा आत भरते, म्हणून मोकळी माती दोन लिटर तयार ठेवा. पिल्लाला ही बरणी कित्येक वर्षं पुरते, ट्रॅपडोअर फार सावकाश वाढतो.

माती जिथून कोळी आणला तिथलीच उत्तम. ती मिळाली नाही तर मापाने सहा भाग चिकणमाती, दोन भाग बारीक वाळू, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसतं कोकोपीट घालू नका. ओलं असेपर्यंत ठीक, वाळलं की बिळाचं छत खाली. कस लावायची रीत: मूठभर माती पाण्याने एवढी भिजवा की पिळल्यावर गोळा होईल पण बोटांमधून थेंब गळणार नाही. गोळ्यात पेन्सिल खुपसून काढा. भोक तसंच राहिलं तर माती तयार. कडा गळल्या तर चिकणमाती वाढवा. पेन्सिलीला लगदा चिकटून आला तर वाळू.

माती भाजावी की नाही यावर इथे दोन तट आहेत. ९० ते १०० अंशांवर अर्धा तास ठेवली की माइट, सूत्रकृमी, मुंग्यांची अंडी मरतात, पण बुरशीला आवरणारे उपयोगी किडेही मरतात, आणि भाजलेल्या मातीवर पहिल्या महिन्यात बुरशी जोरात येते. माझं मत: ठोकळा आणणार असाल तर तो भाजता येतच नाही, मग भोवतीची माती भाजून काय उपयोग? चाळा, गांडुळं आणि गोम काढा, वर थोडे स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारीक किडे) सोडा आणि पुढे चला.

भरताना तीन-चार सेंटीमीटरचा थर टाकायचा, सपाट बुडाच्या पेल्याने कचकचीत दाबायचा, मग पुढचा. एकदम भरून वरून दाबलं तर खालची माती पोकळ राहते. खाली खडीचा निचरा-थर घालू नका. कोळी तिथपर्यंत खणतो, आणि खडीत साचलेलं पाणी सडतं. दरडीतला कोळी असेल तर माती मागे अठरा आणि पुढे तेरा सेंटीमीटर अशी उतरती ठेवा. सपाट मातीपेक्षा उतारावर झाकण लवकर होतं आणि पाणी दिल्यावर तोंडाशी थारोळं होत नाही. ठोकळा बसवताना त्याच्या आणि बरणीच्या मधली फट ओल्या मातीने काडीने ठासून भरा.

ठोकळा फुटला तर कोळी डबीत घ्या आणि त्याच्यासाठी भोक करून द्या. एक सेंटीमीटर अंगाच्या कोळ्याला साध्या पेन्सिलीएवढं, सात-आठ मिलिमीटरचं भोक, चार-पाच सेंटीमीटर खोल, थोडं तिरपं. फार रुंद भोक त्याला आवडत नाही. पाय दोन्ही भिंतींना टेकले की तो निवांत होतो. भोक काचेला लागून केलं तर पुढे आतलं दिसतं. बाहेरून काळा कागद गुंडाळा, बघायचं तेव्हाच काढा. नंतर डबी भोकावर पालथी ठेवून त्याला आपण होऊन उतरू द्या. बोटाने ढकलू नका. चार-पाच दिवस वरच भटकत राहिला तर भोकावर छोटी वाटी उपडी घाला म्हणजे त्याला तेवढीच जागा उरते. बहुधा त्या रात्रीच आत जातो. जवळ वाळकं शेवाळ आणि पानांचा बारीक चुरा ठेवा, झाकण त्याचंच होतं.

पाण्याचं तत्त्व सोपं आहे: तळ ओला, माथा कोरडा. बरणीच्या कडेला एक नळी तळापर्यंत उभी गाडा, आत दहा-पंधरा मिलिलिटर पाणी सिरिंजने सोडा. काचेतून गडद आणि फिकट मातीची रेघ दिसते. वरचे दोन-तीन सेंटीमीटर फिके आणि खाली गडद, हे बरोबर. गडद रेघ तळाच्या पाच सेंटीमीटरवर उतरली की पुन्हा पाणी. वारावर पाणी घालू नका, रेघ बघून घाला. झाकणावर फवारा कधीच नको. भिजलेलं झाकण फुगतं आणि बुरशी धरतं.

हवेसाठी बरणीच्या वरच्या भागात आणि तिच्या झाकणात मिळून पंधरा-वीस भोकं, प्रत्येकी एक मिलिमीटर, तापवलेल्या सुईने. टॅरँट्युला असेल तर जाळीचं झाकण टाळा, नख्या अडकतात. त्यांच्यासाठी आणखी एक: मातीपासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, जड पोटाचा कोळी काचेवरून पडला तर पोट फुटून मरतो.

तापमान २० ते २८ अंशांच्या दरम्यान पुरे. खालून हीटर लावणं हा सगळ्यात वाईट सल्ला. गरम वाटलं की हा प्राणी खाली जातो, कारण रानात खाली गारवा असतो. खालूनच तापवलंत तर तो जीव वाचवायला उष्णतेकडेच खणत जातो.

रातकिडे_आणि_झुरळं

खाण्याचं राहिलं.

भक्ष्य कोळ्याच्या पोटाएवढं किंवा त्याहून लहान. पिल्लाला आठवड्यातून एकदा अगदी छोटा रातकिडा किंवा झुरळाचं पिल्लू, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांतून एकदा. ट्रॅपडोअर झाकणाबाहेर धावत नाही, मागचे पाय बिळात ठेवून झडप घालतो. म्हणून रातकिडा संध्याकाळनंतर झाकणाच्या अगदी पुढ्यात सोडायचा. चिमट्याने झाकणाला लावत बसू नका. दोनदा असं केलं की तो भक्ष्यालाही घाबरतो.

सकाळी न खाल्लेला रातकिडा बाहेर काढायचा. कात टाकलेला मऊ कोळी त्याच्यापुढे असहाय असतो, रातकिडे त्याला कुरतडून खातात. मीलवर्म देत असाल तर डोकं ठेचून द्या, नाहीतर तो मातीत शिरतो आणि नेमक्या वेळी भुंगेरा होऊन वर येतो. शेतातून किंवा दिव्याखालून उचललेले किडे नकोत. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं, आणि त्याची मात्रा थोडी असली तरी कोळी थरथरत मरतो.

वुल्फ स्पायडरला बाटलीच्या बुचात पाणी ठेवा, आत दोन-तीन खडे. तो ट्रॅपडोअरपेक्षा जास्त वेळा खातो, आठवड्यातून दोनदाही, आणि साधारण दोन-तीन वर्षांत त्याचं आयुष्य संपतं. नवख्याने सुरुवात त्याच्यापासून केली तर वाईट नाही. तो बिळाबाहेर जास्त दिसतो, चुकाही लवकर दाखवतो.

रानातल्या कोळ्यासोबत न दिसणारे पाहुणेही येतात. ॲक्रोसेरिड माशीची अळी कोळ्याच्या फुप्फुसापाशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, गप्प पडून राहते. चांगला खातापिता कोळी एक दिवस उगाच जाळं विणू लागतो, मग पोट फोडून अळी बाहेर. इलाज नाही आणि तुमची चूकही नाही. पोट एका बाजूने वेडंवाकडं फुगलं तर आत मर्मिथिड कृमी असू शकतो. तोंडाशी पांढरा, ओला लगदा आणि आंबूस वास आला तर सूत्रकृमी. तो डबा बाकीच्या डब्यांपासून लगेच दूर ठेवा, चिमटाही वेगळा. पोटाला बाहेरून पांढरी अळी चिकटलेली दिसली तर ती गांधीलमाशीची. मात्र ती अगदी लहान असताना दिसली तर मऊ ब्रशने सोडवता येते.

पोट सुरकुतलेलं आणि पाय अंगाखाली मुडपलेले दिसले तर पाणी कमी पडलंय. कोळी पाय लांब करतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. दाब गेला की पाय मिटतात. बरणीत पाणी ओतू नका. छोट्या वाटीत ओल्या टिशूवर कोळी ठेवा, तोंड ओलाव्याला टेकेल असा, वर झाकण. काही तासांत पाय सैल होऊ लागले तर वाचला. पाठीवर उताणा पडला असेल तर तो मरत नाहीये, कात टाकतोय. तिथे फुंकरही घालू नका.

बीळ_बंद

धाग्याला धरूनच विचारतो. ट्रॅपडोअरचं पिल्लू, झाकण नीट केलेलं, पण गेले तीन आठवडे झाकण आतून चिकटवल्यासारखं आहे. रातकिडा समोर ठेवला तरी हालचाल नाही. उघडून बघू का? बरणीत वास नाही, माती तळाशी गडद दिसते.

ओली_माती

उघडू नका. वास नाही, तळ ओला आहे, याचा अर्थ तो कात टाकायच्या तयारीत आहे किंवा टाकून विषदंत कडक व्हायची वाट बघतोय. नवे विषदंत पांढरे असतात, मग लालसर होतात, शेवटी काळे. त्याआधी तो खाऊच शकत नाही. पिल्लाला आठ-दहा दिवस, मोठ्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि कातेआधीचा उपवास धरला तर दोन महिने बंद झाकण हे काही नवल नाही. तोवर रातकिडे ठेवू नका, फक्त नळीतून पाणी.

बीळ काचेला लागून असेल तर कागद काढून लाल उजेडात बघा. तळाशी चुरगळलेली कात दिसली किंवा एखाद्या सकाळी झाकणाच्या बाहेर फेकलेली सापडली की तिथून आठ-दहा दिवस मोजा, मग छोटं भक्ष्य द्या. झाकणाभोवती बारीक, काळ्या, पळत सुटणाऱ्या माश्या दिसू लागल्या किंवा कुजल्याचा वास आला तरच उघडायचं. तेव्हाही झाकण उपटायचं नाही, बिजागरीच्या समोरच्या कडेने पातळ पात्याने रेशीम कापायचं. आत जिवंत असेल तर तो त्याच रात्री शिवून घेतो.